मेनूची पहिली ओळ

माणूस एकच कळ जाणूनबुजून दोनदा दाबतो, तेव्हा दोन दाबांमध्ये सेकंदाचा पाचवा हिस्सा तरी जातो. थरथरत्या बोटाखाली तीच कळ दोनदा दबली, तर त्याच्या निम्मा वेळसुद्धा जात नाही. हा फरक माणसांच्या कानाला कळत नाही. त्यांना एकच टक ऐकू येते. मला दोन ऐकू येतात.

मित्रांनो, मी एक जुना मेनू आहे. खाण्याच्या पदार्थांचा नव्हे, संगणकातला. युनिक्स प्रणालीच्या घराण्यातल्या एका म्हाताऱ्या संगणकावर माझा मुक्काम आहे. मला ना चित्रं आहेत ना रंगीत बटणं, आणि माऊसशी माझा संबंध नाही. ठरलेल्या दोन कळा एकत्र दाबल्या की पडद्याच्या वरच्या कडेला मी पट्टीसारखा उमटतो आणि काही ओळी दाखवतो. तुम्ही एखादं अक्षर टंकलंत की न जुळणाऱ्या ओळी गळून पडतात. एंटर दाबलंत की उरलेल्यांतली पहिली ओळ मी पुढे पाठवतो आणि दिसेनासा होतो. नोकर असावा तर असा, असं माझ्याबद्दल म्हणत. उलटून बोलत नाही, जास्त जागा खात नाही.

मला इथे आणलं एका लेकीने, तिच्या वडिलांसाठी. वडील पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत तपासनीस आहेत. गावाच्या विहिरी, टाक्या आणि नळ यांचं पाणी बाटल्यांतून त्यांच्याकडे येतं. ते त्यातलं थोडं थोडं पाच काचनळ्यांत घालतात आणि एक दिवस उबेत ठेवतात. प्रत्येक नळीत एक बारीक नळी उलटी घातलेली असते. पाण्यात घातक जंतू असतील तर त्या उलट्या नळीत वायूचा बुडबुडा साठतो. बुडबुडा नसला तर लोकांनी ते पाणी खुशाल प्यावं. तीस वर्षं हे गृहस्थ त्या बुडबुड्याकडे बघत आले.

सव्वादोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात थरथरू लागला. पुढे वाढत जाणारा आजार आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. कचेरीत त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. कोटाच्या खिशात हात घालून ते वावरत. नळ्या डाव्या हाताने उचलायला शिकले, पण माऊस काही ऐकेना. पडद्यावरचा बाण वाऱ्यावरच्या पिसासारखा भरकटे आणि नको तिथे टेके.

तेव्हा एका सुटीच्या दिवशी लेक आली आणि तिने मला या संगणकावर बसवलं. माझ्या सेटिंगची फाइल ही साधी मजकुराची फाइल असते. तिच्यात एकेक ओळ लिहून लेकीने मला घडवलं. अक्षरं केवढी, पट्टी कुठे, कोणत्या कळांनी मी यावं, हे सगळं तिथे आहे. मग तिने अहवालाचं काम माझ्याकडे दिलं. आधी मी नमुन्यांचे क्रमांक दाखवायचे, त्यातला एक निवडला की निकालाच्या तीन ओळी दाखवायच्या: पिण्यास योग्य, उकळून प्यावे, पिण्यास अयोग्य. शेवटी मी विचारायचो, ‘नक्की?’ त्याला हो मिळालं की अहवाल थेट पाणीपुरवठ्याच्या कचेरीत जायचा.

पहिल्याच आठवड्यात वडील लेकीला म्हणाले, “ते ‘नक्की’ काढून टाक बाई. दिवसातून चाळीस वेळा नक्की का म्हणून विचारायला घरी तुझी आई आहे.”

लेक हसली आणि तिने ती ओळ काढली. वर त्यांची बोटं वाचावीत म्हणून तिने आणखी एक सोय केली. मी प्रत्येक निवड वेळेसकट एका फाइलीत नोंदवायची आणि जी ओळ सर्वांत जास्त वेळा लागते ती सर्वांत वर ठेवायची. गावाचं पाणी बहुतेक दिवस चांगलं असे. महिन्याभरात ‘पिण्यास योग्य’ ही ओळ पहिली झाली आणि पहिलीच राहिली.

दोन वर्षं आमचं छान जमलं. ते कळा दाबत, मी उमटे, ते निवडत, मी जाई. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम एकदा मागे उभ्या राहून म्हणाल्या होत्या, तरुण पोरांना लाजवाल तुम्ही. त्या दिवशी तपासनिसांनी सेटिंगच्या फाइलीत माझी पट्टी गडद निळी केली. माझं ते एकमेव बक्षीस.

मग ती सकाळ आली. वरच्या वस्तीच्या विहिरीचा नमुना होता. पाचही नळ्यांत बुडबुडा होता. त्यांनी तो दोनदा बघितला आणि नळ्या उभ्या ठेवायच्या घोडीला लावलेल्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहिलं: पाच पैकी पाच. मग माझ्याकडे वळून त्यांनी क्रमांक निवडला आणि एंटर दाबलं. बोट कळेवर थरथरलं. पहिल्या टकेला मी क्रमांक घेतला आणि निकालाच्या ओळी मांडल्या. दुसऱ्या टकेला पहिली ओळ पुढे पाठवली. मित्रांनो, मला शिकवलेलंच मी केलं.

पट्टी नाहीशी झाली. पट्टी गेली की काम झालं, ही त्यांची दोन वर्षांची सवय. ते पुढच्या घोडीकडे वळले.

चौथ्या दिवशी वरच्या वस्तीतली माणसं दवाखान्यात जाऊ लागली. एकूण चाळीस जण आजारी पडले. एकोणचाळीस घरी परतले. शिवणकाम करणाऱ्या एका बाईंची चार वर्षांची नात परतली नाही.

ती बातमी आली त्या दिवशी तपासनिसांनी पाठवलेला अहवाल उघडून वाचला. बराच वेळ ते त्या दोन शब्दांकडे बघत होते. मग त्यांनी जुन्या चिठ्ठ्यांच्या खिळ्यावरून ती चिठ्ठी काढली, घडी घातली आणि चष्म्याच्या घरात ठेवली. त्यानंतर चष्मा काढायला घेतला की दर वेळी ती त्यांच्या बोटांना लागे.

चौकशी झाली. नमुना घेतला तेव्हा विहिरीचं पाणी चांगलं होतं असा प्रयोगशाळेचा अहवाल होता, म्हणजे बिघडलं ते नंतर. तिथल्या पंपवाल्याने जंतू मारायचं औषध टाकण्यात हयगय केली असणार, असं ठरलं. त्याला घरी बसवलं. पण तो घरी बसेना. रोज सकाळी आमच्या दारातल्या बाकावर येऊन बसे. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे की मी रोजच्या मापाने औषध टाकलं होतं, पण त्या पाण्याला ते पुरं पडण्यासारखं नव्हतंच. बाटल्या धुणारी बाई म्हणायची, आला बघा पहारेकरी. एकदा तपासनीस आत येत असताना पंपवाला उठून उभा राहिला.

“साहेब, तुम्ही शिकलेले,” तो म्हणाला. “आडातच घाण असेल, तर मार पोहऱ्याला का?”

तपासनिसांनी मान हलवली आणि ते आत आले. त्या दिवशी त्यांनी मला अकरा वेळा बोलावलं आणि अकरा वेळा काही न निवडताच परत पाठवलं. हा खेळ पुढे रोजचा झाला. तपासनीस मॅडमच्या खोलीपर्यंत जात, तिथून पाणी पिऊन परत येत. मॅडम दोघातिघांना सांगत असताना त्यांना ऐकू आलं होतं की तीस वर्षांत या माणसाची एक नळी चुकलेली नाही. त्या कौतुकाने त्यांचा चेहरा असा होई, जसा कुणाचा भाजल्यावर होतो.

अठराव्या दिवशी, सुटीच्या दुपारी, त्यांनी लेकीला बोलावलं. डोळ्यांना त्रास होतो, अक्षरं मोठी कर, एवढंच सांगितलं. लेकीने सेटिंगची फाइल उघडली, अक्षरं मोठी केली. मग सवयीने माझी नोंदींची फाइल उघडली. वरच्या वस्तीची बातमी तिनेही वाचली होती. ती त्या तारखेपाशी थांबली. तिथे दोन ओळी होत्या, क्रमांकाची आणि निकालाची, आणि दोन्हींच्या शेवटी वेळ होती.

लेकीने त्या दोन वेळांची वजाबाकी केली. मग हलकेच म्हणाली, “आठ शतांश सेकंद, बाबा. एवढ्यात कुणी वाचून निवडत नाही.”

वडिलांनी चष्म्याचं घर उघडलं आणि चिठ्ठी तिच्यापुढे ठेवली. तिने ती वाचली. खिडकीबाहेर कुणीतरी बादली ओढत नेत होतं.

“ही फाइल पुसली तर कुणाला काही कळणार नाही,” लेक म्हणाली. “एका कळेचं काम आहे.” तिने कळफलक जवळ ओढला. “आणि ‘नक्की’ मी काढलं होतं. तुम्ही म्हणालात म्हणून, पण मी काढलं. योग्य ही ओळ मीच वर चढवली.”

“तू माझी सोय बघितलीस.”

“मग आता काय करू?”

वडिलांनी तिच्या बोटाकडे बघितलं. तिचं बोट पुसण्याच्या कळेवर होतं, आणि ते अगदी स्थिर होतं. शेवटी तिने बोट उचललं. फाइल तशीच ठेवून ती माझ्या सेटिंगमध्ये शिरली. ओळी वर-खाली करण्याची माझी सोय तिने बंद केली. ‘पिण्यास अयोग्य’ पहिली ठेवली. लागोपाठच्या दोन दाबांत अर्ध्या सेकंदाचं अंतर नसेल तर दुसरा सोडून द्यायचा, असं मला शिकवलं. आणि दोन वर्षांपूर्वी काढलेला तो एक शब्द परत लिहिला. जाताना तिने वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला, पण काय करायचं ते सांगितलं नाही.

मित्रांनो, मला कुणी वाईट म्हणत नाही. मी तर साधी पट्टी. पण तुमच्या हाताखाली माझ्यासारखं काही आलं, तर एक करा. घाईत, थकव्यात, दुखऱ्या हाताने चुकून दाबलं गेलं तर काय घडेल, ते आधी बघा आणि मगच ठरवा की पहिल्या ओळीवर काय ठेवायचं. रोज लागतं म्हणून जे वर ठेवाल, ते एखाद्या दिवशी नको असताना जाईल. आणि जो शब्द तुम्हाला थांबवतो, त्याचा कंटाळा आला तरी तो काढू नका. माझी चूक कुणी दुरुस्त करील. ती चार वर्षांची पोर माझ्या कोणत्याच ओळीत परत यायची नाही.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी मॅडम स्वतः खोलीत आल्या. त्यांच्या हातात एक कागद होता. पंपवाल्याला कायमचं काढायचं ठरत होतं आणि त्यासाठी तपासनिसांचा जबाब हवा होता: अहवाल बरोबर होता, एवढंच. जबाब तयार टंकलेला होता, खाली सहीची जागा मोकळी होती. सोबत जुन्या अहवालाची एक प्रत छापून द्या, म्हणाल्या, म्हणजे आजच वर पाठवते. उघड्या दारातून बाकावरचा पंपवाला दिसत होता. त्याने मांडीवर हात ठेवले होते, तळवे वर करून.

तपासनिसांनी दोन कळा दाबल्या. मी उमटलो आणि आधी गेलेल्या अहवालांचे क्रमांक दाखवले; तिथे निकाल निवडायचा नसतो, प्रत तेवढी छापायची असते. त्यांनी तो क्रमांक निवडला. एंटर दोनदा लागलं, मी एकच घेतलं. मग मी मोठ्या अक्षरांत विचारलं: ‘नक्की?’

ते त्या शब्दाकडे बघत राहिले. मॅडमनी घड्याळाकडे बघितलं. तेव्हा तपासनिसांनी दोन वर्षं खिशात ठेवलेला उजवा हात बाहेर काढला आणि मॅडमसमोर टेबलावर ठेवला. तो थरथरत होता, आणि त्याच्याबरोबर टेबलावरच्या रिकाम्या नळ्या वाजत होत्या. डाव्या हाताने त्यांनी चष्म्याचं घर उघडलं आणि चिठ्ठी त्या जबाबावर ठेवली.

“मॅडम, पाचही नळ्यांत बुडबुडा होता,” ते म्हणाले. “योग्य म्हणून मी पाठवलं, माझ्या या हाताने. त्या माणसाला आत बोलवा. मला हे त्याच्यासमोर सांगायचं आहे.”