बेचाळिसावा ‘इम्पॉर्टंट’

मित्रांनो, मी एक जुनी फाइल आहे. कपाटातली नव्हे, कॉम्प्युटरमधली. वेबसाइटवरचे रंग, अक्षरांचा आकार, बटणांची जागा हे सारे मी ठरवते. मला सीएसएस म्हणतात. बारशालाच माझे नाव ठेवले ‘फायनल-नक्की-तीन’. त्यावरून घरातली शिस्त तुमच्या ध्यानात यावी.

मला लिहिणारी ताई वेबसाइट बनवायला नुकतीच शिकत होती. चष्म्याचे दुकान चालवणाऱ्या काकूंची वेबसाइट हे तिचे पहिलेच काम. माझी एखादी ओळ ऐकेना, की ताई तिच्यामागे ‘इम्पॉर्टंट’ लिहून मोकळी होई. तो शब्द आला की बाकीच्या ओळींना गप्प बसावे लागते. मग दुसरी रुसे, तिलाही तोच मान. असे एकेचाळीस मानकरी जमले. वरून मात्र मी झकास दिसत होते. काकूंनी तोंडभरून कौतुक केले आणि मीही फुगले.

आठवड्याने त्यांचा फोन आला. "अगं, माझ्या गिऱ्हाइकांना बारीक दिसत नाही, म्हणून तर येतात माझ्याकडे! मोबाइलवर अक्षरं मोठी केली की डोळे तपासायची वेळ ठरवायचं बटणच गायब. रविवारपर्यंत नीट कर बाई, नाहीतर मी दुसरं कोणी बघते."

ताईचा चेहरा पडला. पहिलेच काम हातचे जात होते. सवयीने तिने बेचाळिसावा ‘इम्पॉर्टंट’ लिहिला. बटण आले, पण दुकानाचा पत्ता त्याच्याखाली गडप झाला.

शेजारी मशीनवर पँट शिवणाऱ्या बाबांनी सगळे ऐकून घेतले. "ठिगळावर किती ठिगळं लावशील? उसव."

"बाबा, नऊशे ओळी आहेत!"

"मग आत्ताच बस."

ताई कंबर कसून बसली. एकेक ‘इम्पॉर्टंट’ काढायचा, पान का मोडले ते शोधायचे, मगच पुढे जायचे. मला दुखत होते, खोटे कशाला बोलू? ‘निळं-दोन’सारखी नावे गेली, ‘वेळ-बटण’ अशी कामावरून नावे आली. सगळे रंग एका जागी लिहिले गेले. ठरावीक मापे जाऊन वाचणाऱ्याच्या अक्षराबरोबर वाढणारी मापे आली. दर बदलानंतर ताई अक्षर दुप्पट करून बघे. तीन दिवसांनी, शनिवारी, मी दोनशे साठ ओळींची झाले. नावही सुटसुटीत मिळाले.

रविवारी ताई दुकानात गेली. बाकावरच्या एका आजोबांनी मोबाइल काढला, अक्षरे चांगली टपोरी केली आणि कोणालाही न विचारता पुढच्या तपासणीचे बटण दाबले. काकू एवढेच म्हणाल्या, "हे काम तुझ्याकडेच राहू दे."

आता मी जुनी झाले. मला उघडणारे हातही बदलतील. ते तुमचे असले, तर घाईने ठिगळ लावू नका. माझ्या पहिल्याच ओळीत ताईने तुमच्यासाठी लिहून ठेवले आहे: "काहीही बदललंस, तर अक्षर दुप्पट करून बघ. आजोबांना बटण दिसलं पाहिजे."