काटा सदतिसावरच होता

मी एक जुना इन्क्युबेटर आहे. उबदार पेटी म्हणा, चालेल. फक्त 'खटारा' म्हणू नका. तो शब्द माझ्या वाट्याला कसा आला, तेच सांगतो.

मित्रांनो, रोगजंतूंशी लढणाऱ्या टी-पेशी काही जन्मतःच शूर नसतात. छातीच्या हाडामागे एक ग्रंथी असते, तिथे त्या कच्च्या अवस्थेत वाढतात. शेजारच्या पेशी त्यांच्याकडे एक सूक्ष्म रेणू धाडतात, जणू निरोपच: 'जग, वाढ.' निरोप पोचला तर एकीच्या दोन होतात. नाही पोचला तर मुकाट्याने मरतात. माणसांइतकी कुरकुर करत नाहीत.

आमच्या प्रयोगशाळेतली संशोधक ताई याचाच अभ्यास करायची. उंदराच्या कच्च्या पेशी बशीत घ्यायची, बर्फातल्या कुपीतून त्या निरोपाचे थेंब टाकायची आणि बशी माझ्या पोटात सरकवायची. मी अकरा वर्षं सदतीस अंश धरून बसलो. "याच्यासारखा गुणी कोणी नाही," असं ती पाहुण्यांना सांगायची. मी फुगायचो.

एका दुपारी तिला आईचा फोन आला. बोलत बोलत ती बाहेर गेली. कुपी खिडकीतल्या उन्हात राहिली. तासाभराने नाही, चांगल्या चार तासांनी ताई परतली. इकडेतिकडे पाहून तिने कुपी पुन्हा बर्फात खोचली. रेणू केव्हाच नासला होता. त्याच कुपीतले थेंब तिने नव्या बशीत टाकले आणि तीन दिवसांत बशीतल्या सगळ्या पेशी मेल्या.

"कशाने गं?" प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी विचारलं.

"सर, हा खटारा! ऊबच धरत नाही हल्ली."

झाडलोट करणारे मामा म्हणाले, "अहो ताई, काटा तर सदतिसावर आहे."

"काटाही म्हाताराच ना, मामा!"

सर हसले. मामांनी माझी वायर काढली.

नवं यंत्र आलं. कुपी तीच; पेशी पुन्हा मेल्या. "नवीन आहे सर, रुळायला वेळ लागतो," ताई म्हणाली. मग तिने गुपचूप दुसरी कुपी उघडली आणि पेशी भराभर वाढल्या. कौतुक कोणाचं झालं, ते विचारू नका.

मी आता जिन्याखाली असतो. पोटात सगळ्यांच्या चपला. परवा ताई चपला घ्यायला वाकली आणि कोणी नाही असं पाहून हळूच म्हणाली, "तुझं काही चुकलं नव्हतं रे."

मला ठाऊक आहे, ताई. सरांना ठाऊक नाही.

मित्रांनो, यंत्रं जपा, पुसत जा, म्हातारी झाली तर खुशाल बदला. पण चूक कबूल करायची झाली, तर जिथे आळ घेतलात तिथे जाऊन करा. चपलांसमोर नको.