महाराजांची बेटं आणि हर्षाचा साबण

डोळे मिटा बघू. मुळगावात शेतांच्या कडेला पत्र्याचा भला मोठा मांडव घातला आहे, असं समजा. आत घाम, अगरबत्ती आणि पिकलेल्या केळ्यांचा वास. माणसं इतकी, की तुमच्या पायावर कुणाचा तरी पाय आणि तुमचा पाय आणखी कुणाच्या तरी पायावर. माईकवरून आवाज येतो, "तीनशे चाळीस!" लोक हळहळतात. दहा मिनिटांनी पुन्हा आवाज, "एकशे दोन!" आणि टाळ्यांनी वरचे पत्रे थरथरतात. दिसलं? आता त्या रांगेत अकरा वर्षांची एक मुलगी उभी करा. दोन वेण्या, कमरेला पिशवी, कपाळावर आठी. ही हर्षा. तुम्ही डोळे उघडलेत तरी चालेल. तिने मघापासून मिटलेलेच नाहीत.

हर्षाला सातव्या वर्षी मधुमेह झाला. गोड खाऊन नव्हे हं. आपल्या पोटात, जठराच्या मागे स्वादुपिंड असतं. त्यात पेशींचे बारीक बारीक पुंजके विखुरलेले असतात, खाडीत बेटं असावीत तसे. डॉक्टर त्यांना बेटंच म्हणतात. इन्सुलिन तिथे बनतं. हर्षाच्या शरीराने चुकून आपल्याच बेटांना शत्रू समजून ती मारून टाकली. म्हणून दिवसातून चार वेळा सुईने इन्सुलिन घ्यायचं. ते थांबलं, तर थोड्याच दिवसांत जिवावर बेतेल, हे तिला पाढ्यांसारखं पाठ होतं.

तिचे पप्पा गोकुळदास कारापूरला दुकान चालवत. गिऱ्हाइकाने खोटं नाणं दिलं तर बोटांनीच ओळखणारा माणूस. पण मुलीला सुई टोचताना बघवत नसे. एकदा त्यांनी पेपरात वाचलं, की ही बेटं दुसऱ्याच्या शरीरातून काढून रोग्याच्या शरीरात रुजवता येतात. ते धावत दवाखान्यात गेले.

"खरं आहे ते," डॉक्टर पल्लवी म्हणाल्या. "मृत दात्याच्या स्वादुपिंडातून बेटं वेगळी काढतात आणि यकृतात जाणाऱ्या शिरेत सोडतात. रुजली, तर इन्सुलिन बनवू लागतात. पण दाते थोडे. शिवाय शरीराने ती परकी बेटं मारू नयेत म्हणून कडक औषधं घेत राहायची. सध्या काही मोजक्या मोठ्या माणसांवरच करतात. हर्षाला इन्सुलिनच बरं. संशोधन चालू आहे, आपण थांबू."

गोकुळदासांना सगळं पटलं, फक्त 'थांबू' पटलं नाही. आणि बीजानंद महाराज कुणालाच थांबा म्हणत नसत.

"भक्तांनो!" महाराज माईकमध्ये फुंकर मारून म्हणाले. "तुमची बेटं भरतीत बुडाली आहेत! परदेशात ती वर काढायला पोटाला भोक पाडतात. आम्ही मंत्राने पाडतो... म्हणजे भोक नाही, बीज पाडतो. दाता कोण? हिमालयातले एक ऋषी. वय तीनशे. त्यांनी साखर कधी बघितलेलीच नाही!"

"साखर बघितली नाही म्हणजे चहा कसा पितात?" हर्षाने हळूच विचारलं.

"गप गो बाय," आई, म्हणजे विनोदिनी, पुटपुटली. तिने इन्सुलिनच्या पेनांचा डबा छातीशी घट्ट धरला होता. रोपण झालं की पेनं पुढच्या टोपलीत टाकायची, असा नियम होता. इन्सुलिन म्हणे बीजाला मारतं.

शेजारी दत्तारामकाका उभे होते. सुर्ल्याला खनिजाचा ट्रक चालवणारे, मूळचे सिंधुदुर्गातले. "भिया नको गो! गेल्या आयतवारी माजी साखर तीनशेवरून शंभरार इली. माज्या ह्या डोळ्यांनी बघितलंय. गोळये सोडून आठ दिस झाले, माका काय एक झाला नाय!" एवढं बोलून त्यांनी बाटलीतलं पाणी घटाघटा संपवलं. सकाळपासूनची ती तिसरी बाटली होती.

हर्षा बघत राहिली. आत येताना प्रत्येकाला तळहातावर कुलेरभर, म्हणजे चमचाभर, पंचामृत मिळत होतं, मध आणि कुस्करलेली केळी भरपूर घातलेलं. तीर्थाचा हात कुणी धुतो का? सगळ्यांनी प्यायलं, बोटं चाटली आणि हात डोक्यावरून फिरवला. मग त्याच बोटाला सुई टोचून साखरेचा आकडा माईकवर.

"स्पिरिटने बोट पुसत नाही?" हर्षाने सेवकाला विचारलं.

"पवित्र मांडवात दारू चालत नाही!" तो डाफरला.

सुईनंतर मंत्र. मंत्रानंतर 'शुद्धी', म्हणजे तुळशीच्या कोमट पाण्याने हात धुऊन नव्या टॉवेलने कोरडे. आणि मग दुसरी सुई, दुसरा आकडा.

हर्षाच्या कपाळावरची आठी एकदम गेली.

"पुढे ये, बेटी," महाराज म्हणाले. "पेनं टाक टोपलीत."

विनोदिनीने डबा आणखी घट्ट धरला. गोकुळदासांनी तो घ्यायला हात पुढे केला. हर्षाने तोच हात पकडला, पिशवीतलं आपलं साखर मोजायचं यंत्र काढलं आणि पप्पांच्या बोटाला टुचकन सुई टोचली.

"अगो! माका कित्याक?"

माईक समोरच होता. हर्षाने आकडा वाचला, "तीनशे बारा!"

लोक सवयीने हळहळले.

"माका? माका कसली साखर?" गोकुळदास पांढरेफटक पडले.

"बघा, देवाने वेळेवर दाखवलं!" महाराज गरजले. "यांचीही बेटं बुडाली!"

हर्षाने पिशवीतून साबणाची वडी काढली. बाटलीतल्या पाण्याने पप्पांचे हात खसखसून धुतले, आईच्या पदराला पुसले आणि दुसऱ्या बोटाला सुई लावली. "चौऱ्याण्णव." मग महाराजांकडे वळून म्हणाली, "ऋषी इतक्यात येऊन गेले?"

मांडवात कुणीतरी फिस्सकन हसलं.

"हा माझ्या दृष्टीचा प्रभाव!" महाराज म्हणाले.

"मग तुमचं बघूया. तीर्थ घ्या, हात पुसा डोक्याला आणि बोट द्या."

महाराजांचा हात कफनीत गेला तो बाहेर येईना.

हर्षा माईकजवळ गेली. "मागच्या वर्षी मी मानकुराद आंबा सोलून खाल्ला आणि तशीच साखर तपासली. आकडा आला चारशे. आई रडायला लागली. डॉक्टर म्हणाल्या, आधी हात धू. धुतले, तर एकशे तीस. यंत्राला रक्तातली साखर आणि बोटावरची साखर वेगळी कळत नाही. पहिला आकडा मधाचा आणि केळ्याचा. दुसरा तुमचा. तुम्हाला उपाशीपोटी आणि सकाळची गोळी घेऊन यायला सांगतात, म्हणून तो चांगला येतो."

महाराजांची ध्यानाची वेळ अचानक झाली. ते मागच्या बाजूने गेले आणि जीप सुरू झाल्याचा आवाज आला.

गोकुळदासांनी आपली बोटं नाकाशी नेली. साबणाचा वास येत होता. "पळे, बघ, इतकं सोपं," ते पुटपुटले, "आणि मी तुझं इन्सुलिन टाकायला निघालो होतो."

मुलांनो, गोकुळदास मूर्ख नव्हते. लेकीचं दुखणं बघवत नसलेला बाप होते, आणि अशाच माणसांच्या शोधात महाराज फिरत असतात. खोटं नेहमी एखाद्या खऱ्या गोष्टीचा सदरा घालून येतं. बेटं खरी, रोपणही खरं. खोटा होता तो मधला मंत्र. म्हणून कुणी चमत्कार दाखवला, तर टाळी वाजवण्याआधी विचारा, दोन आकड्यांच्या मध्ये नेमकं काय काय केलं? उत्तर ऐकू नका, स्वतः करून बघा. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध सोडू नका. कुणाच्याही सांगण्यावरून नाही.

जेवणाची वेळ झाली होती. हर्षाने हात धुऊन आपली साखर बघितली, पेनवर मात्रेचा आकडा फिरवला आणि शेकडो लोकांसमोर पोटाला सुई टोचून दहापर्यंत मोजलं.

दत्तारामकाका तिथेच उभे होते. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "बाय, माजी खरी साखर किती असात गो?"

हर्षाने यंत्रात नवी पट्टी बसवली आणि साबणाची वडी त्यांच्या हातात ठेवली.