मानेतली बगलफूट

मार्गशीर्षातलं धुकं कादवेच्या पात्रातून सावकाश उठतं. आधी काठावरच्या बाभळी पुसून टाकतं, मग बांधावरच्या तुरीची पिवळी रांग, मग विजेचे खांब. आणि अखेरीस द्राक्षबागेत शिरून, सासुरवाडीला आलेल्या जावयासारखं, ऐसपैस बसून राहतं. ऊन येऊन उठवीपर्यंत उठत नाही.

त्या धुक्याखाली हरितमंडप. तारांवर तोललेला, पानांनी शाकारलेला, दवानं जडावलेला. वर आकाश, खाली भुई, आणि मधे माणसाच्या डोक्याहून वीतभर उंच असं हे तिसरं जग. इथं घड खाली तोंड करून लोंबतात आणि बाया वर हात करून चालतात. घड दिवसभर बायांकडे पाहतात, बाया दिवसभर घडांकडे पाहतात. असं एकमेकांकडे पाहत पाहत द्राक्ष पिकतं.

कौतिका त्या हरितसाम्राज्याची सम्राज्ञी होती. सम्राज्ञीला भाकरी घरून बांधून आणावी लागे, ही गोष्ट वेगळी.

मणी ज्वारीएवढे झाले की विरळणी लागते. दाटीवाटीनं जन्मलेल्या हिरव्या मौक्तिकराशीतून निम्मे मणी कापून टाकायचे, म्हणजे उरलेल्यांना फुगायला जागा होते. काम निर्दय आणि काम नाजूक, दोन्ही एकाच कात्रीनं. त्या बागेचा रिवाज असा, की हंगामाचा पहिला घड कौतिकानं विरळायचा आणि त्याला लाल दोरा बांधायचा. मग पंधरा बायांची टोळी त्या घडासमोरून एकेक करून जाई, डोळ्यांत त्याचं माप भरून घेई आणि आपापल्या ओळीला लागे. लाल दोऱ्याचा घड म्हणजे त्या वर्षीचा कायदा. बागेचे मालक अण्णा कुणापुढे टोपी काढणारे नव्हते. पण त्या घडापुढे ती सरळ करीत.

आणि कौतिका घडाकडे पाहतच नसे. करंगळी पुढे, पातं मागे, ही तिची रीत. उजव्या हाताची करंगळी मुंगीच्या मिशीसारखी घडात शिरे, इथं दाटी, इथं पोकळी, हा राहू दे, हा जाऊ दे, असा निवाडा करी. आणि मागून पातं येऊन तो निवाडा अमलात आणी. तोवर कौतिकाचे डोळे भलतीकडेच असत, तोंडानं शेजारच्या ओळीतल्या यमुनाला मामेबहिणीच्या लग्नातलं भांडण सांगणं चालू असे, आणि मण्यांचा हिरवा पाऊस तिच्या पायांवर पडत असे. टपटप, टपटप, टपटप.

असा तो हात. आणि त्याच हाताची करंगळी एका भाद्रपदात झोपी गेली.

आधी मुंग्या आल्या. मग थंडावा आला. मग शेजारची अनामिकाही करंगळीच्या संगतीनं बिघडली. हात खाली असला, तर हात कौतिकाचा. हात वर गेला, की तो कुणा परक्याचा. मेणासारखा फिका, श्रावणातल्या चांदण्यासारखा गार, लग्नात रुसलेल्या व्याह्यासारखा अबोल. डोक्यावर हंडा घेतला की मानेपासून मनगटापर्यंत एक निळी कळ उतरे, जणू कुणी आतून तार ताणतंय. घरात तीन कप फुटले. बशा शाबूत राहिल्या. त्यामुळे चहा बशीतूनच प्यायचा, असं त्या घराचं वळण पडलं.

गावात वैद्य नाही असं घर नाही. एकानं वात सांगितला, दुसरीनं दृष्ट काढली, तिसऱ्यानं रुईची पानं शेकून बांधली. एका निवृत्त पहिलवानानं मान दोन्ही हातांत धरून अशी फिरवली, की कौतिकाला एकाच वेळी आपलं घर आणि घरामागचा उकिरडा दोन्ही दिसले. करंगळी झोपली होती तिथंच झोपून राहिली.

तिनं कुणाला सांगितलं नाही, की वर नेलेल्या हाताला आता काहीच कळत नाही. लाल दोरा तिनं वेणीत खोचला आणि ती बागेत गेली.

धुकं होतं. टोळी मागे उभी होती. कौतिकानं हात वर केले, करंगळी घडात घातली, आणि घड तिथं नव्हताच. म्हणजे होता, डोळ्यांना दिसत होता, पण बोटाला नव्हता. तिथं फक्त कापूस होता, दूरत्व होतं, बर्फाचं मौन होतं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं घडाकडे पाहिलं. पाहत पाहत कात्री चालवली. एक मणी, दोन मणी. बोटं ढिली पडली, पातं घसरलं, आणि मण्याच्या देठाऐवजी घडाचाच देठ तुटला.

अख्खा घड. हिरवा, दवभरला, न जन्मलेल्या गोडीनं जड. तो खाली पडण्याआधीच तिनं डाव्या हातानं झेलला आणि पदराआड ओटीत टाकला. बाया मागच्या बाजूला होत्या. त्यांना काही दिसलं नाही. शेजारी उभ्या यमुनाला दिसलं.

"यमुने, औंदा तू बांध दोरा."

"का गं? तुला काय झालं?"

"मला काय व्हायचंय. धा वर्षं डोळा हाये तुझा त्या दोऱ्यावर. भागव हौस."

यमुनानं तिच्या फुगलेल्या ओटीकडे पाहिलं, तिच्या पांढऱ्याफटक बोटांकडे पाहिलं, आणि दोरा घेतला. खरंच दहा वर्षं डोळा होता. पण तो असा ओटीत लपवलेल्या घडावरून चालत हाती यावा, असं तिच्या मनात नव्हतं.

त्या वर्षी यमुनाच्या घडाच्या मापानं बाग विरळली गेली. द्राक्षं चांगली आली. हेच कौतिकाला फार लागलं.

मात्र दोरा बांधला त्याच आठवड्यात यमुनानं तिला एसटीत घातलं आणि तालुक्याच्या दवाखान्यात नेऊन बसवलं. डॉक्टरीणबाई तरुण होती. तिनं कौतिकाला दोन्ही हात वर धरून मुठी उघडा-मीट करायला लावल्या आणि उजव्या मनगटावर दोन बोटं ठेवली. मिनिटभरात हात चुन्यासारखा पांढरा झाला, आणि मनगटातली नाडी, आत्ता होती ती, विझली. हात खाली आला, नाडी पुन्हा पेटली.

मग तो काळा फोटो निघाला. उजेडाच्या पाटीवर लावला तेव्हा कौतिकाला तो सुंदरच वाटला. कृष्णनभात शुभ्र चंद्रकोरींची उतरंड, डावीकडे एक, उजवीकडे एक, पुन्हा डावीकडे, पुन्हा उजवीकडे. सगळं कसं छाटणी केलेल्या बागेसारखं आखीव. फक्त वरच्या टोकाला, मानेच्या उजव्या अंगाला, आणखी एक कोर. हिशेबात नसलेली. नाजूक, वाकडी, अनाहूत.

"ताई, ही जास्तीची बरगडी आहे, मानेतली. जन्मापासूनच आहे. शेकड्यात एखाद्याला असते, बहुतेकांना कळतही नाही. तुमची जरा लांब आहे. हात वर गेला, की हाताकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आणि नसा तिच्याजवळ चेपतात."

कौतिकानं त्या कोरीवर नख टेकवलं.

"म्हंजी बगलफूट," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईला कळलं नाही. यमुनानं समजावलं, की काडीला पानाच्या बगलेतून नको तिथं कोंब फुटतो, तसलं.

"मग खुडा की," कौतिका म्हणाली. "आम्ही नुसत्या नखानं खुडतो. तुमच्याकडं तर हत्यारं असतील."

डॉक्टरीणबाई हसली. "इतकं सोपं नाही, ताई. तिला अगदी खेटून मोठी रक्तवाहिनी आहे. हाताची ताकद जायला लागली, अंगठ्याखालचा स्नायू सुकायला लागला, तर मोठ्या डॉक्टरांना दाखवून काढू. तूर्त व्यायाम. दर तीन महिन्यांनी दाखवून जायचं. जड उचलायचं नाही. आणि हात डोक्याच्या वर धरून काम करायचं नाही."

शेवटचं वाक्य ती अगदी सहज बोलली. मांडवाखाली जन्म काढलेल्या बाईला हात वर करू नकोस म्हणणं, म्हणजे माशाला ओला होऊ नकोस म्हणणं. परतीच्या एसटीत कौतिका खिडकीतून बागा पाहत होती. एकामागून एक मांडव येत होते आणि मागे जात होते. यमुनानं तिला शेंगदाणे दिले. तिनं डाव्या हातानं खाल्ले.

फोटो गावात फार गाजला. ओसरीवर उन्हात धरून धरून सगळ्यांनी तो पाहिला, उलटासुद्धा पाहिला. कौतिकाचा नवरा दामू कमी बोलणारा माणूस. त्यानं चष्मा पुसला, कोर निरखली आणि म्हणाला, "मला ठावं होतं. लग्न झाल्यापासून म्हणतोय, ह्या बाईच्या मानंत एक हाड जास्तीचं हाये, वाकतच न्हाई."

"अहो, तेच हाड दुखतंय," कौतिका म्हणाली. "तुमच्याकडं बघून."

दुसऱ्या दिवसापासून पाण्याचा हंडा दामू आणू लागला.

मग ऋतू फिरले. चैत्राच्या छाटणीत मांडव उघडाबोडका झाला. कौतिका खाली बसून छाटलेल्या काड्या गोळा करीत राहिली. पावसाळी ढग आले. मानेत ती निळी तार उगाच झणझणत राहिली. व्यायाम मात्र ती चुकवत नसे. दाराच्या चौकटीला दोन्ही हात टेकून छाती पुढे काढायची, हनुवटी मागे ओढायची, खांदे वर उचलायचे आणि सोडायचे. दिवसातून तीनदा, दहा-दहा वेळा. दामू काही विचारायला येई तेव्हा नेमकी खांद्यांची पाळी असे. पीठ आहे का, खांदे उडाले. थोरल्या मुलाचा फोन आला का, खांदे उडाले. त्या वर्षात त्यांच्या संसारातले निम्मे प्रश्न असेच निकालात निघाले.

आश्विनात एका सकाळी करंगळीच्या टोकाला काहीतरी खुपलं. सोयाबीनच्या शेंगेवरची लव होती. कौतिका ती शेंग चोळत बांधावर कितीतरी वेळ उभी राहिली.

बरं झालं होतं, असं नव्हे. कोर होती तिथंच होती. हात वर नेला की मिनिटाच्या आत पुन्हा तेच मेण, तोच कापूस, तोच परका.

कार्तिकात ती पश्चिमेच्या कडेला वेलीखाली बसली होती. उतरतं ऊन तिरप्या शलाकांनी मांडवात शिरत होतं. तिथल्या बगलफुटी बायांनी समूळ काढल्या नव्हत्या. एकेक पान ठेवून वरचा शेंडा तेवढा खुडला होता. तिनंच शिकवलेलं होतं ते. दुपारचं ऊन घडाला भाजतं त्या अंगाला बगलफुटीचं एक पान राहू द्यायचं, सावलीपुरतं. नको असलेल्या फुटीचं, हवं असलेलं पान. इतकी वर्षं ती हे नखानं करत आली होती. त्या दिवशी पहिल्यांदा तिनं ते बसून पाहिलं.

तिचा हात मानेशी गेला. गळ्याजवळच्या हाडाच्या वरच्या खळग्यात, बोट दाबलं की लागे अशी, ती टणक गाठ.

"राहा," कौतिका म्हणाली. "पण एका पानानं राहा."

आणि पुन्हा मार्गशीर्ष आला. पुन्हा धुकं, पुन्हा ऐसपैस. टोळी मांडवाखाली उभी राहिली, मणी ज्वारीएवढे झाले, आणि लाल दोरा यमुनाच्या मुठीत होता. कौतिका मागे, भाकऱ्यांच्या गाठोड्यांपाशी उभी होती; जागा आता तिचीच ठरली होती.

यमुनानं दोरा कुणाला दिला नाही, बांधलाही नाही. ती शेडमध्ये गेली आणि द्राक्षं भरायचे दोन रिकामे कॅरेट ओढत घेऊन आली. एकावर एक उपडे ठेवले. हलवून पाहिले. पायानं खाली माती दाबली.

"कौतिके, चढ."

"येडी का काय तू."

"हात वर न्यायचा न्हाई म्हणाली ना ती बाई. बाईला वर न्यायचं न्हाई, आसं कुठं म्हणाली?"

अण्णांनी टोपी सरळ केली. "पडली तर माझ्या नावानं ओरडायचं न्हाई."

कौतिका चढली. पहिल्या कॅरेटवर पाय, दुसऱ्यावर पाय. दोन तारांमधल्या फटीतून आधी केस गेले, मग कपाळ, मग ती मान, आणि खालच्या बायांना नुसतं लुगडं उरलं.

वर दुसरंच जग होतं. इतकी वर्षं जे छत खालून पाहिलं, त्या हिरव्या सागराचा पृष्ठभाग तिनं आज प्रथम पाहिला. धुकं तिच्या हनुवटीशी तरंगत होतं. पानापानांवर दवाची सूर्यबिंबं पेटत होती. दूर कादवेवरून बगळ्यांची एक शुभ्र ओळ वाकली, सरळ झाली, विरली. आणि त्या अथांग हरितजलावर, मध्यभागी, कमळ म्हणावं तर फारच सावळं, एक डोकं.

खाली, पर्णच्छायेत, तिचे दोन हात छातीपाशी निवांत होते. ऊब त्यांच्यात खांद्यांवरून निर्वेध उतरत होती. यमुनानं एक घड हलकेच त्यांच्याकडे वळवला आणि कात्री तळव्यावर ठेवली.

करंगळी पुढे झाली. थबकली. मग तिला गार लागलं, गोल लागलं, ओलं लागलं. इथं दाटी, इथं पोकळी. हा राहू दे.

"कौतिके, वर काय दिसतंय गं?" खालून कुणीतरी विचारलं.

"तुमच्यातल्या एकीचंबी तोंड दिसत न्हाई," वरून उत्तर आलं. "लई बरं वाटतंय."

सगळा मांडव हसला. तारा हलल्या, दव सांडलं. कौतिका हसली नाही. तिचे डोळे ओले होते आणि ते पाहायला तिथं फक्त ऊन होतं. यमुनानं हाती दिलेला दोरा बोटांनी न पाहता गुंडाळला, न पाहता गाठ मारली. वर मान ताठ, खाली हात सैल, मधे ती वाकडी कोर, आपल्या एका पानाच्या सावलीत निमूट. आणि यमुनाच्या केसांत, खांद्यांत, पसरलेल्या पदरात मण्यांचा हिरवा पाऊस. टपटप. टपटप. टप.