हलक्या चुंबकाचा वूफर

मी एक जुना वूफर आहे. मित्रांनो, वूफर म्हणजे खालचे, जाड आवाज काढणारा स्पीकर. गाण्यातला जो आवाज कानापेक्षा पोटात जास्त जाणवतो ना, तो माझा. दिसायला मी अगदी साधा. परातीएवढं गोल लोखंडी कडं, त्यात करड्या कागदाचा पसरट शंकू आणि पाठीला एक चुंबक. या चुंबकाबद्दल जरा हळू बोला. ते फार लहान आहे आणि त्याच्यापायी मी आयुष्यात पुष्कळ ऐकून घेतलं आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे लांबलचक टेबलापाशी बायका ओळीने बसून काम करायच्या. एकीने माझा शंकू चिकटवला, दुसरीने त्यात तांब्याच्या तारेची गुंडाळी बसवली आणि तिसरीने दोन बोटांनी मला हलकेच दाबून पाहिलं. "हा तर झोपाळ्यासारखा हलतो गं!" ती म्हणाली आणि हसली. माझ्याबद्दल कुणी बोललेलं ते पहिलं वाक्य. माझ्या पाठोपाठ माझा जुळा भाऊही त्याच टेबलावर तयार झाला, आणि आम्हा दोघांची रवानगी विजेवर वाजणाऱ्या एका ऑर्गनमध्ये झाली. त्या ऑर्गनच्या लाकडी पेटीला पाठच नव्हती, मागून ती सताड उघडी होती. म्हणून तर आम्हाला मुद्दाम असं सैल अंगाचं आणि छोट्या चुंबकाचं केलं होतं. पण हे कारण आम्हाला कुणी सांगितलं नाही. लहानांना कारणं सांगतो कोण?

तो ऑर्गन एका मोठ्या हॉलमध्ये होता. पायांत चाकांचे बूट घालून लोक तिथे गोल गोल फिरायला यायचे. ऑर्गन वाजवणाऱ्या बाई अंगाने भरलेल्या आणि हसऱ्या होत्या. त्यांनी पायाखालची पट्टी दाबली की माझ्या पोटातून असा काही सूर निघायचा, की कठड्याला चिकटून उभे असलेले भित्रे लोकसुद्धा हात सोडून पुढे सरकायचे. "माझे दोन पैलवान आहेत आत," बाई पेटीवर थाप मारून सगळ्यांना सांगायच्या. त्या वेळी मला आपण म्हणजे कोणीतरी आहोत असं वाटायचं. आता सांगायला हरकत नाही, मी थोडा शेफारलोच होतो.

पुढे हॉलमध्ये रेकॉर्ड वाजू लागल्या, मग हॉलच बंद पडला आणि तिथे सोफे विकायला आले. ऑर्गनचे तुकडे झाले. आम्ही दोघं जुन्या विजेच्या वस्तूंच्या एका दुकानात येऊन पडलो.

त्या दुकानातले दिवस आठवले की अजून हसू येतं आणि थोडं वाईटही वाटतं. दुकानदाराच्या मांजरीने पहिल्याच दिवशी माझा शंकू हेरला. गोल, उबदार आणि तिच्या मापाचा. ती त्यात अंगाची गुंडाळी करून झोपायची आणि झोपेत गुरगुरायची. तेवढाच काय तो जाड आवाज माझ्या वाट्याला उरला होता. स्पीकर बनवायचा नाद असलेली माणसं दुकानात यायची, मला उलटं करून पाहायची आणि नाक मुरडायची. "चुंबक आहे की बिस्कीट?" एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, "याच्यात दम नाही, नुसता लुळा आहे." रोज तेच ऐकून ऐकून मलाही ते पटायला लागलं होतं.

एक दिवस दुकानात नवरा-बायको आले. बाईंचं चष्म्यांचं दुकान होतं, त्या डोळे तपासून काचा बसवून द्यायच्या. सगळे त्यांना ताई म्हणत. त्यांचे यजमान भाजीच्या घाऊक बाजारात वजनकाट्यावर बसायचे. मी आपलं त्यांना काटेवाले म्हणतो. दिवसभर पोती तोलून त्यांच्या हातांना अशी सवय लागली होती, की कुठलीही वस्तू दिसली की आधी उचलायची, डोळे मिटायचे आणि मग मत द्यायचं. त्यांनी वूफरही तसेच निवडायला घेतले. एकेक उचलत, डोळे मिटत ते दुकानभर फिरले. शेवटी खालच्या फळीवरची एक जोडी उचलताना त्यांना चक्क कण्हावं लागलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"हे! याला म्हणतात माल!"

"अहो, पण वाजवून बघायचे ना?" ताई म्हणाल्या.

"अगं, एवढं चुंबक पाठीला असल्यावर वाजणार नाही तर काय करेल?"

जाता जाता त्यांनी मलाही उचललं. मांजर चिडून खाली उडी मारून गेली. "हा तर रिकामाच लागतो," असं म्हणून त्यांनी मला जागेवर ठेवलं. मांजर परत आली आणि ते दोघं वजनदार जोडी घेऊन निघून गेले.

काही दिवसांनी ते परत आले तेव्हा दोघांचे चेहरे पडलेले होते. ती जोडी दुकानदाराच्या टेबलावर ठेवून काटेवाले खाली बसले, आणि ताईंनी सगळी हकीकत सांगितली. ती ऐकताना मला प्रथमच माझ्याखेरीज दुसऱ्या कुणाचं वाईट वाटलं.

ताईंच्या आई त्यांच्याकडेच राहायच्या. वय झालं तसे आईंच्या कानांतून बारीक आवाज आधी गेले. कुकरची शिट्टी गेली, चमच्यांची किणकिण गेली, मग बायकामाणसांचं बोलणं गेलं. लोक त्यांच्याशी ओरडून बोलायचे, त्यामुळे शब्द आणखीच फाटायचे. हळूहळू आईंनी सगळ्यांमध्ये बसणं सोडलं होतं. पण रस्त्यावरून ट्रक गेला की त्या हटकून म्हणायच्या, "ट्रक गेला." यावरूनच ताईंच्या लक्षात आलं की आईंचे जाड आवाज शाबूत आहेत.

आणि ताईंचे वडील डबल बेस वाजवायचे! माणसाहून उंच, मोठ्या पोटाचं तंतुवाद्य, उभ्याने वाजवायचं. वाद्यवृंदात ते कायम मागच्या रांगेत असायचे. ते गेल्यावर त्यांच्या वादनाची एकच टेप घरात राहिली होती. पण घरच्या लहानशा टेपरेकॉर्डरवर तिच्यातली व्हायोलिनं आणि तुताऱ्याच तेवढ्या ऐकू यायच्या. वडील त्यात होते, पण तो जाड सूर काही त्या इवल्याशा स्पीकरला झेपत नव्हता. आईंच्या कानांना जे येत नाही तेवढंच वाजायचं आणि जे येईल ते वाजायचंच नाही.

म्हणून या दोघांनी घरीच स्पीकर करायचं ठरवलं. खोका करून पाहिला, तर त्या छोट्या खोलीत तो नुसता घुमायचा आणि आई कपाळ धरून बसायच्या. मग कुणीतरी सुचवलं, खोका नकोच, जुन्या कपाटाच्या दाराला भोक पाडा आणि त्यात वूफर बसवून पाठ उघडीच ठेवा. हे बरोबर होतं. पण त्यावर काटेवाल्यांची वजनदार जोडी बसली आणि सूर पार कोरडा पडला.

"मग यांनी फळी वाढवली," ताई म्हणाल्या. "ती पुरेना म्हणून बाजूंना आणखी फळ्या ठोकल्या. शेवटी स्वयंपाकघराचं दार उघडेना! आम्ही जेवणाची ताटं खिडकीतून घेतली आहेत, खरं सांगते."

"वाढवली की आवाज वाढतो म्हणतात," काटेवाले पुटपुटले.

"आवाज पूर्ण मोठा केला होता. शेजारी येऊन गेले. आणि आई समोर बसून मला विचारते, 'लावलंस का गं?'" ताईंनी ती जोडी दुकानदाराकडे सरकवली. मग म्हणाल्या, "आता ती म्हणते, राहू दे. मला उगाच बसवू नका. फक्त एकदा बस म्हणून मी तिला कसंबसं कबूल करून घेतलंय. या वेळी नाही जमलं तर ती परत त्या खोलीत यायची नाही."

मित्रांनो, इथे एक गोष्ट समजून घ्या. आम्ही वूफर पुढे सरकलो की पुढची हवा दाबली जाते आणि मागे पोकळी होते. उघड्या फळीवर पुढची हवा कडेवरून वळून मागे पळते आणि जाड आवाज तिथल्या तिथे जिरून जातो. मोठं चुंबक शंकूला करकचून लगाम घालतं. खोक्यात ते शोभतं, पण उघड्या फळीवर तशा शिस्तीच्या वूफरपाशी गमवायला जास्तीचं काही नसतंच. तिथे आमच्यासारखा सैल, रुंद आणि लांब झोके घेणारा लागतो. खालच्या सुरांना आम्ही आपसूकच जरा फुगतो. फळी जेवढं खाते, तेवढं आम्ही वरून वाढतो.

हे ताईंना ठाऊक नव्हतं. पण त्यांच्याकडे त्यांच्या धंद्याची रीत होती. डोळ्यांपुढे एक काच धरायची, मग दुसरी, आणि विचारायचं, "हे बरं की ते बरं?" त्यांनी बरोबर आणलेली भोकाची फळी दुकानातच उभी केली आणि त्या मापाचा एकेक वूफर त्यावर लावायला सांगितला. वडिलांची टेपही त्यांनी आणली होती, ती सुरू झाली. "हे बरं की ते?" त्या डोळे मिटून स्वतःलाच विचारत होत्या. काटेवाले प्रत्येक वेळी वूफरचं वजन सांगत होते, ते कुणी विचारलेलं नसतानाही.

दुकानातले सगळे संपले. ताईंची नजर मांजरीवर गेली.

"तिच्या खाली काय आहे?"

"ते नका घेऊ, ताई," दुकानदार म्हणाला. "तो मांजरीचा झालाय आता."

ताईंनी मांजरीला उचलून काटेवाल्यांच्या मांडीवर दिलं आणि माझा शंकू दोन बोटांनी हलकेच दाबला. मी कारखान्यात हललो होतो तसाच हललो. मला फळीवर बसवलं, तारा जोडल्या, टेप लागली. इतक्या वर्षांनी अंगात वीज आली तेव्हा मी घाबरलोच. लुळा, बिस्कीट, रिकामा, सगळं आठवलं. आणि मग तुताऱ्यांच्या खालून, व्हायोलिनच्या खालून, एक माणूस चालत यावा तसा तो डबल बेस माझ्यातून बाहेर आला. काउंटरवरची काच थरथरली.

ताईंचा हात तोंडावर गेला. "बाबा," एवढंच त्या म्हणाल्या.

"पण हा तर हलका आहे!" काटेवाले मांजर धरून उभेच राहिले.

"अहो, मी चष्मा कधी वजनावर देते का?"

मग काटेवाल्यांनी स्वतःच माझा जुळा भाऊ कोपऱ्यातून शोधून काढला. त्याच्या शंकूची कड फाटली होती. घरी आल्यावर त्यांनी पातळ कागदाच्या पट्ट्या डिंकाने अशा काही बेताने लावल्या, की पोती उचलणाऱ्या त्या हातांचं मला नवल वाटलं. जास्तीच्या फळ्या निघाल्या, स्वयंपाकघराचं दार उघडलं, आणि आम्हा दोघांना भिंतीपासून जरा पुढे ओढून उभं केलं.

संध्याकाळी आई आल्या. आल्या म्हणजे त्यांना आणलं. खुर्चीत त्या अशा बसल्या, की कधीही उठून जाता येईल. ताईंनी टेप लावली आणि नवऱ्याचा हात घट्ट धरला. आई खिडकीबाहेर पाहत होत्या. सुरुवात गेली. व्हायोलिनं गेली. आईंच्या चेहऱ्यावर काही नाही. माझा जीव टांगणीला लागला होता. मी माझे सगळे झोके पणाला लावले.

मग आईंनी एकदम हात वर केला.

"हं! इथे घाई केली बघ."

"कुणी, आई?"

"कुणी काय? तुझ्या बाबांनी! या जागेला आले की गडबडायचेच. बाकीचे यायच्या आधी हे जाऊन उभे. कितीदा सांगितलं, अहो, जरा दमानं घ्या. ऐकतील तर शपथ!"

ताई मोठ्याने विचारणार होत्या, पण मग त्यांनी जवळ वाकून, आवाज खाली आणून हळूच विचारलं, "आई, तुला ऐकू येतंय?"

"न यायला काय झालं? एवढे मोठ्यानं वाजवतायत की!" आई म्हणाल्या. त्यांचे डोळे वाहत होते आणि त्या हसत होत्या. काटेवाले उगाच माझ्यामागे जाऊन तारा तपासू लागले. नाकही पुसलं त्यांनी, मी पाहिलं.

मित्रांनो, आता मी सुखात आहे. तुमच्याकडे मागणं थोडंच आहे. माझ्या शंकूच्या मधोमध असलेल्या घुमटात बोट खुपसू नका, सगळ्यांनाच तो मोह होतो. आम्हाला ओलसर जागी ठेवू नका. कुणाला लुळा, रिकामा म्हणण्याआधी त्याला त्याच्या जागी लावून एकदा वाजवून बघा. आणि घरात कुणाला ऐकू येईनासं झालं तर ओरडू नका. त्यांच्या कानांत अजून कोणते आवाज राहिलेत ते शोधा आणि त्यांच्यापाशी तेवढे घेऊन जा.

आई आता रोज दुपारी आपली खुर्ची स्वतःच ओढून आमच्यासमोर बसतात. ती जागा आली की माझ्याकडे बोट करून दटावतात, "अहो, दमानं!" टेपमध्ये आहे तेच मी वाजवतो, मला घाई कमी करता येत नाही. खरं सांगू? आली असती, तरी मी केली नसती.