मोटरच्या ब्रशातले केस

फाल्गुन आला की पाचगणीचं पठार तापतं, तांबडं होतं, आणि तांबडी धूळ उठते. सिल्व्हर ओकची पानं गळतात, रुपेरी पानं, राखाडी पानं, गळून गळून वाऱ्यासवे दारोदार फिरतात. आणि काय ती धूळ! खिडक्या लावा, पडदे ओढा, उंबऱ्याला फडकं लावा, ती येतेच. ती येते आणि गालिच्यावर बसते.

या धुळीचे हाडवैरी म्हणजे मनोहरराव फणसे. निवृत्त इंजिनियर, स्वच्छतेचे कैवारी, जुन्या व्हॅक्यूम क्लीनरचे संग्राहक. त्यांच्या व्हरांड्यात कोवळ्या उन्हात टेबलावर ओळीनं मांडलेले असत ते क्लीनरच्या नळीला जोडून गालिचे झाडायचे फिरते ब्रश. नुसत्या हवेच्या ओढीनं भिरभिरणारे, सर्वांत आधीचे. मग पोटात मोटर बाळगणारे, सुती वेष्टणाची वायर नळीबाहेर लोंबकळवणारे. मग रबरी वायरीचे. मग वायर नळीतच लपवणारे, प्लास्टिकचे, अलीकडचे. कोण कुठल्या काळातला, हे मनोहररावांनी नुसता हात फिरवून सांगावं.

"वरवरचं काही धरू नका," पाहुण्यांना ते बजावत. "झाकण बदलतं, वायर बदलते, रंग काय, कुणीही देतो. जितकं आत, तितकं जुनं."

त्यांतला एक फार लाडका. काळाकभिन्न, जड, सुती वायरीचा. लग्नानंतर घरात आलेला, याच घरात राबलेला. त्याच्या दोन्ही टोकांना कारखान्यानं ठोकलेल्या पितळी रिव्हेट जशाच्या तशा होत्या. जन्मात कुणी न उघडलेला असा ब्रश त्यांना दुसरा कुठं दिसला नव्हता, आणि उद्या पुण्याच्या प्रदर्शनात तो अगदी मधल्या टेबलावर बसणार होता. म्हणून त्या सकाळी त्यांनी त्याचा रूळ साफ करायला घेतला. रुळाभोवती वर्षानुवर्षांची गुंतवळ होती, वर करडी, खाली काळी. कात्रीनं कापली, चिमट्यानं उपटली, कागदात गुंडाळली. इतक्यात घंटागाडी आली. मनोहरराव स्वतः जाऊन पुडकं टाकून आले.

असल्या स्वच्छतेला आग लागो!

कारण ती खालची काळी गुंतवळ शर्वरीची होती. शर्वरी, फणशांची एकुलती एक लेक, मेघश्यामकुंतला, गुडघ्यापर्यंत केसांची. न्हाऊन आली की याच गालिच्यावर उन्हाचा चौकोन शोधून बसायची, आणि विंचरता विंचरता गुणगुणायची. ऊन सरकलं की तीही सरकायची. ऐन विशीत काविळीनं तिला नेलं. तेरावं होतं न होतं तोच मनोहररावांनी घर साफ केलं. कपडे आश्रमशाळेत, पुस्तकं वाचनालयात, फणीसुद्धा कचऱ्यात. "समोर दिसलं की त्रास होतो," म्हणाले. त्रास कुणाला? तिच्या आईला विचारलं होतं कुणी?

आई, कुमुदबाई, तेव्हा बोलल्या नाहीत. पुढं बऱ्याच दिवसांनी ब्रश उलटा केला, तर त्यांना आपल्या करड्या केसांखाली ते काळे केस दिसले. त्या दिवसापासून त्यांनी गालिचा केरसुणीनं झाडला. नवरा धूळ धूळ म्हणून ओरडला, तरी केरसुणीनंच झाडला. एखाद्या दुपारी ब्रश मांडीवर घ्यायच्या, केसांवरून बोट फिरवायच्या, गुपचूप जागेवर ठेवायच्या.

त्या सकाळी त्या चहा घेऊन व्हरांड्यात आल्या. टेबलावर ब्रश उलटा पडला होता, रूळ वर. चकचकीत. सोललेला. नागडा.

"केस कुठायत?"

"कसले केस? अगं, केवढी घाण साठली होती! गेली घंटागाडीत."

कपबशी फरशीवर फुटली. कुमुदबाई पेटल्या. इतक्या वर्षांत गिळलेलं सारं पेटलं. फणीचं पेटलं, कपड्यांचं पेटलं, न रडता काढलेलं ते तेरावं पेटलं.

"घाण? माझ्या शरूचे केस होते ते! तेवढीच उरली होती माझी पोर! वायरीवरून वय सांगता, रिव्हेटवरून वय सांगता, मोठे आलेत पारखी! आणि पोटच्या पोरीचे केस ओळखता आले नाहीत?"

"तू कधी बोलली नाहीस, कुमुद..."

"बापाला सांगावं लागतं?"

वाऱ्यानं दार आपटलं. मनोहररावांनी कात्री खाली ठेवली.

"जितकं आत, तितकं जुनं, म्हणता ना?" कुमुदबाईंनी ब्रश त्यांच्यापुढं आदळला. "मग फोडा हा. फोडा! बघू द्या मला आत काय आहे ते."

"रिव्हेट तोडली की याला काही किंमत राहत नाही गं."

"आणि मला?"

मनोहररावांनी बायकोकडं पाहिलं. मग रिव्हेटकडं पाहिलं. मग छिन्नी उचलली. पहिला घाव चुकला. दुसऱ्या घावाला पितळी डोकं उडालं आणि खणखणत फरशीवर गेलं. टोकाचं झाकण निघालं. आत, रुळाच्या दांड्याभोवती, जिथं कात्री पोचली नव्हती, जिथं चिमटा पोचला नव्हता, तिथं घट्ट गुंडाळलेलं एक वेटोळं होतं. काळंभोर, अजून काळंभोर.

मनोहररावांनी हात पुढं केला.

"हात लावायचा नाही!"

कुमुदबाई ब्रश घेऊन आत गेल्या आणि गालिच्यावर बसल्या, उन्हाच्या चौकोनात. नखानं एक टोक सोडवलं आणि उलगडत गेल्या. केस निघत राहिला, वीतभर, हातभर, खांद्यापर्यंत, लांब, लांब, शरूचा. तो त्यांनी बोटाला गुंडाळला, पुन्हा पुन्हा गुंडाळला, बोट पांढरं पडेपर्यंत. डोळे वाहत होते, तरी ओठ रागानं मिटलेलेच होते. माफ केलं नव्हतं. करणारही नव्हत्या.

ऊन सरकलं, तशा त्याही सरकल्या. तांबडी धूळ उघड्या दारातून आत आली, हळूहळू आली, गालिच्यावर बसली. मनोहररावांनी सवयीनं उंबऱ्यावरचं फडकं उचललं.

मग ते खाली ठेवलं. बसू दे, म्हणाले. बसू दे.