तेलाचं दूध करणारे क्षीरानंद

या, टाळ जरा खाली ठेवा अन् जवळ सरका. कीर्तनाला वेळ आहे. तोवर एक गोष्ट सांगतो. पुण्याची हमी नाही, हसण्याची आहे.

ऐन थंडीत आमच्या चकलांब्याला क्षीरानंद महाराज उतरले. पारावर ही गर्दी. महाराज भक्ताच्या फुटलेल्या हातावर पिवळं तेल चोळत, वरून तांब्यातलं पाणी सोडत, अन् तेलाचं पांढरंशुभ्र दूध होऊन कोपरावरून ओघळे.

"पाप वितळलं, बाबांनो. चाललं बघा वाहून."

वर कातडी लोण्यासारखी मऊ. मी स्वतः दोनदा पाप धुऊन घेतलं. दुसऱ्या खेपेलाही तितकंच निघालं.

मेंढरं राखणारी चतुराबाई मेंढीचं दावं हातात धरूनच पारावर आली. तिचे हात पाहून महाराजांनी मान हलवली. "सात जन्मांचं हाय, माय. सात अंघोळी लागतील. दक्षिणा म्हणून ही गाभण मेंढी सोडा."

घरी मेंढ्या तीनच, त्यात गाभण एकटी हीच. तरी म्हातारीनं दावं पुढं केलं. ते सून बबितानं मधेच धरलं.

"आत्या, थांबा. असलं दूध तर मी बी करते."

"तू? ते कसं गं?"

"गोचिडाचं औषध पाण्यात टाकलं की काय होतंय?"

चतुराबाईला मेंढ्या धुतानाची बादली आठवली. पारावरच्या कापूसवाल्यांनाही आपापला फवारणीचा पंप आठवला. बबितानं घरून बादली आणली, औषधाचं टोपणभर ओतलं. पाणी दुधासारखं.

"म्हंजी मेंढ्यांची पापं वितळली," गर्दीतला सटवा म्हणाला, "अन् गोचिडं मोक्षाला गेली."

"ते विष हाय, हे अमृत," महाराज ओरडले.

"मंग अमृताची बाटली दावा की."

झोळीतून निघालं मेडिकलमधलं अंघोळीचं तेल. बाटलीवरची चिठ्ठी अर्धी खरवडलेली, पण उरलेल्या अर्ध्यावर लिहिलेलं होतं: 'कोरड्या त्वचेसाठी. पाण्याने धुवावे.'

यात चमत्कार एवढाच, की तेलात साबणासारखा एक पदार्थ मिसळलेला असतो. पाणी लागताच तेलाचे बारीक बारीक थेंब होतात, पाण्यात पसरतात अन् पांढरे दिसतात. मळ निघतो, ओलावा राहतो. चतुराबाई अंगालाही कपड्याचाच साबण लावायची, तोही कढत पाण्यानं, म्हणून हात फुटायचे. पाप ते तेवढंच. आता ती मेडिकलचं तेल लावते. हात मऊ आहेत, मेंढीला दोन कोकरं झालीत.

देवाचं नाव मनापासून घ्या, मीही घेतो. पण देवाच्या नावानं कुणी दावं मागितलं, तर आधी बाटली मागा. अन् आज आरतीला हात जोडाल तेव्हा आमच्या बबिताची तेवढी आठवण ठेवा.